आधी टायर, मग ब्रेक, मोटर सर्वांत शेवटी: मराठवाड्यातली इलेक्ट्रिक माउंटन बाइक

इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेतली की महिनाभरात एक प्रश्न हमखास येतो, "हिचा स्पीड वाढवता येतो का?" येतो. पण आपल्याकडे या गाडीचे खरे वैरी तीन: बाभळीचा काटा, मे महिन्याचं ऊन आणि पावसाळ्यातली काळी माती. यांतल्या एकाचाही इलाज मोठ्या मोटरीत नाही. म्हणून हा लेख मोटरीपासून सुरू होत नाही. नव्यानं गाडी घेणाऱ्यानं काय बघायचं, पहिल्या दिवसापासून काय सांभाळायचं आणि पैसे खर्च करायचेच असतील तर कोणत्या क्रमानं करायचे, ते ओळीनं सांगतो.

पायरी १: गाडी कुठं घालणार, ते आधी ठरवा

दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारा, आठवड्यातून किती वेळा डांबर सोडणार? लातूर किंवा नांदेडमध्ये घर ते ऑफिस एवढंच जायचं असेल तर माउंटन बाइकचं वजन आणि जाड टायर उगाच ओढत बसाल. साधी इलेक्ट्रिक सायकल घ्या. पण पाणंद, गाडीवाट, मुरमाचे रस्ते, घाट यांची ओढ असेल तर मराठवाड्यात जागांना तोटा नाही. छत्रपती संभाजीनगरकरांना दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ. बीडवाल्यांना मांजरसुंब्याचा घाट आणि कपिलधार. धाराशिवला रामलिंग, तुळजापूर. डोंगर नको असतील तर जायकवाडीचा डावा कालवा आहे. पैठणहून निघून जालना, परभणीकडे जाणारा हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या कडेनं बऱ्याच ठिकाणी कच्चा रस्ता आहे. तो पाटबंधारे खात्याच्या कामाचा रस्ता आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. फाटक बंद दिसलं तर मागं फिरा, आणि पाणी सुटलेलं असताना काठाला लागून गाडी चालवू नका. कन्नडजवळ गौताळा अभयारण्यही आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या वाटेबाहेर जाता येत नाही.

पायरी २: दुकानात काय बघायचं

मोटर दोन जागी असते. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध, किंवा पायडलजवळ, म्हणजे मिड-ड्राइव्ह. मिड-ड्राइव्हची ताकद तुमच्या गिअरमधून चाकाला जाते, त्यामुळं चढाला ती फार सरस. पण ती महाग, चेन आणि गिअर लवकर झिजवते आणि बिघडली तर दुरुस्तीला पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. तीस-चाळीस हजारांच्या आसपासच्या बहुतेक गाड्यांत मागची हब मोटरच मिळते. पहिल्या गाडीसाठी तीच घ्या. तिच्या आतले नायलॉनचे गिअर झिजले तर बदलता येतात, आणि मोटर बंद पडली तरी पायडल मारत घरी येता येतं.

मोटरीपेक्षा सेन्सरचा फरक रोज जाणवतो. कॅडन्स सेन्सरला फक्त पाय फिरतोय एवढंच कळतं. तुम्ही जोर लावा की नका लावू, डिस्प्लेवर मदतीची जी लेव्हल ठेवली असेल तेवढा धक्का मिळतो. टॉर्क सेन्सर तुमचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. खडकाळ वाटेवर, अरुंद वळणावर टॉर्क सेन्सर असेल तर गाडी हातात राहते. बजेटमध्ये बसत असेल तर बाकी चकचकीत गोष्टी सोडून यावर पैसे घाला.

बॅटरीचा हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर असा करायचा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. पाय चालवत, मधल्या लेव्हलला, सपाटीवर किलोमीटरला ८ ते १२ वॉट-अवर लागतात. नुसता थ्रॉटल, म्हणजे मोटर चालवणारी हँडलवरची मूठ, पिळत गेलात तर १५ ते २०. जाहिरातीतला आकडा हलका माणूस, गुळगुळीत रस्ता आणि सगळ्यात कमी लेव्हल धरून काढलेला असतो. फ्रेमच्या आत बसणाऱ्या लहान बॅटऱ्या २७०-२८० वॉट-अवरच्या असतात. गावातल्या गावात ठीक, घाटाला तोकड्या.

मागं शॉकअप असलेली स्वस्त 'डबल सस्पेन्शन' गाडी घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. तो शॉकअप वजन वाढवतो, पायडलचा जोर खातो आणि वर्षभरात त्याचे बुश खिळखिळे होतात. पुढं ८० ते १०० मिलिमीटर दबणारा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, मागं सरळ फ्रेम, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, एवढं पुरे.

कायद्याचं थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची ताकद ०.२५ किलोवॉटच्या आत, मोटरीवरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, तर ती मोटार वाहनात धरली जात नाही. मग पासिंग नाही, लायसन्स नाही. मात्र हे निकष अधिकृत चाचणी संस्थेनं तपासलेले असावे लागतात. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. दुकानदाराला त्या प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि बिलावर मोटरचे वॉट व फ्रेम नंबर लिहून घ्या. चौकात कुणी गाडी अडवली तर तोंडी वाद घालण्यापेक्षा मोबाइलमधला हा कागद दाखवणं सोपं.

निघताना दोन गोष्टी मागून घ्या: बॅटरीची दुसरी किल्ली आणि डिरेल्युर हँगर. डिरेल्युर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आणि हँगर म्हणजे तो फ्रेमला जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. गाडी उजव्या अंगावर पडली की पहिला तोच वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. ऐनवेळी शोधायला गेलात तर सापडत नाही.

पायरी ३: पहिले शंभर किलोमीटर

नवी गाडी म्हणजे घट्ट गाडी, असं समजू नका. मागच्या एक्सलचे दोन्ही नट बघा. हब मोटर चाकाला पुढं ढकलते, तेव्हा तिचा एक्सल तितक्याच जोरानं उलटा फिरू पाहतो. त्याला अडवायला एक्सलच्या दोन बाजू चपट्या घासलेल्या असतात आणि दातेरी किंवा आकडी वायसर असतो. नट सैल झाला की एक्सल ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे तो बसतो त्या फ्रेमच्या खाचेत, हलतो, ती खाच रुंद करतो आणि शेवटी मोटरची केबल पिळून तोडतो. बऱ्याच मोटरींना १८ नंबरचा पाना लागतो. तो लांब दांड्याचा घ्या आणि सोबत ठेवा.

तारा, म्हणजे स्पोक, एकेक बोटानं छेडून बघा. बाकीच्यांपेक्षा एखादी फारच ढिली वाजली तर चाक आउट होण्याआधी सायकलवाल्याकडून ओढून घ्या. नवे ब्रेकही लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसपर्यंत वेग न्यायचा, गाडी पूर्ण न थांबवता ब्रेक दाबून पाचावर आणायची. असं पंधरा-वीस वेळा केलं की पॅड रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या गोल चकतीवर, बसतात.

सीटची उंची: टाच पायडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली गेला की गुडघा सरळ व्हायला हवा. आपल्याकडे बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात आणि नंतर गुडघे दुखतात म्हणून मोटरीवर भर देतात.

पायरी ४: बॅटरी आणि मराठवाड्याचं ऊन

लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंश तापमानापर्यंतच चार्ज करावी. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पाराच ४२-४३ ला टेकतो. उन्हातून आलेल्या काळ्या फ्रेममधली बॅटरी त्याहून कितीतरी तापलेली असते. म्हणून नियम सोपा: आल्याबरोबर चार्जर लावायचा नाही. बॅटरी काढा, घरात फरशीवर ठेवा, तासाभरानं हात लावून गार वाटली की मग लावा. उन्हाळ्यात रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करणं उत्तम, पण झोपण्याआधी लावून सकाळी काढायची सवय नको. कुणीतरी जागं असावं.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठेवत असाल तर बॅटरी तिथं ठेवू नका. दुपारी पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. महिना-दोन महिने गाडी वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण भरलेली नाही आणि पूर्ण रिकामी तर नाहीच. रोजच्या वापरातही दरवेळी शंभर टक्के करायची गरज नसते. लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा.

डिस्प्लेवरच्या पट्ट्यांवर फार विसंबू नका. चढाला लोड आला की व्होल्टेज खाली बसतं आणि दोन पट्ट्या गायब होतात, सपाटीला आलं की परत येतात. डिस्प्लेवर व्होल्ट दिसत असतील तर तेच बघा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४२ दाखवते. थांबलेल्या गाडीवर ३७ च्या आसपास आली तर अर्धी संपली. ३३ म्हणजे आता घराकडं वळा.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. शेतातल्या मोटरीच्या पेटीतून, किंवा जिथं व्होल्टेज वरखाली होतं अशा लाइनीवरून चार्जर लावू नका. डीपीवर काही झालं आणि एकदम जास्त दाब आला तर चार्जर जातो, आणि बाजारातला कोणताही 'चालतोय की' चार्जर लावणं त्याहून वाईट. ३६ व्होल्टच्या बॅटरीला ४२ व्होल्टचाच चार्जर हवा. ४८ व्होल्टवाल्या बॅटरीचा चार्जर ५४.६ चा असतो आणि पिन कधीकधी तीच असते. चार्जरच्या पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय कुणाचा चार्जर उसना घेऊ नका. खर्चाची काळजी करू नका. ३६० वॉट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते.

बॅटरी फुगली, वास यायला लागला, पाण्यात बुडाली किंवा जोरात आपटली, तर ती चार्ज करायची नाही. घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून दूर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला दाखवा. चार्जिंगची जागाही दारात, जिन्याखाली नको. काही झालं तर बाहेर पडायची वाट मोकळी असली पाहिजे.

पायरी ५: काटे

हा भाग नीट वाचा, कारण मराठवाड्यात गाडी घरी ढकलत आणायची वेळ मोटरीमुळं क्वचित येते, काट्यामुळं नेहमी.

काट्याचे प्रकार वेगळे आणि त्यांचे हंगामही वेगळे. बाभळीचा लांब, सरळ काटा वर्षभर भेटतो. शेताच्या कुपाटीसाठी ट्रॅक्टरनं फांद्या ओढून नेल्या की त्या वाटेवर पुढचे आठ-पंधरा दिवस जाऊ नये. वेडी बाभूळ ओढ्या-नाल्याच्या कडेला माजलेली असते. आणि सराटा: पावसाळा सरला, दिवाळीच्या सुमारास वाळला की वाटेच्या कडेला पसरतो आणि एका चाकाला दहा-दहा चिकटतो. सराटे दिसले की लगेच काढायची घाई करू नका. काटा भोकात आहे तोवर हवा हळू जाते. जवळपास घर असेल तर तसंच चालवत जा.

पहिला खर्च इथंच करायचा. तीन उपाय आहेत आणि ते एकत्र वापरता येतात. जाड, काटारोधक थर असलेले टायर. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसणारी पट्टी. ती स्वस्त, पण टोकाशी ट्यूबला घासते, म्हणून तिचं टोक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या. आणि सीलंट, म्हणजे ट्यूबच्या आत घालायचं, भोक बुजवणारं द्रव. माउंटन बाइकच्या ट्यूबला सहसा मोटरसायकलसारखाच वॉल्व्ह असतो. आतली पिन पंक्चरवाल्याकडच्या चावीनं फिरवून काढली की सीलंट आत सोडता येतं. एका चाकाला शंभर मिलिलिटरच्या आसपास पुरतं. बारीक काट्याचं भोक ते चाक फिरता फिरता बुजवतं. पण उन्हाळ्यात सीलंट आतल्या आत वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बघायला हवं. आणखी एक, सीलंट घातलेल्या ट्यूबला नंतर पॅच नीट धरत नाही. तिथं ट्यूबच बदला.

तरी पंक्चर होणारच. मागच्या चाकात मोटर असल्यामुळं अनेकांना वाटतं की आता सगळं खोलावं लागणार. लागत नाही. गाडी डाव्या अंगावर आडवी करू नका, सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. डिस्प्लेखाली गमछा घाला. टायरची उरलेली हवा सोडा. गिअर नसलेल्या बाजूनं दोन प्लास्टिक लिव्हर घालून टायरची एकच कड रिमबाहेर काढा. वॉल्व्ह आत ढकला आणि ट्यूब त्याच बाजूनं बाहेर ओढा. चाक जागच्या जागी, नट बंदच. थोडी हवा भरा आणि ट्यूब ओठांजवळून किंवा गालाजवळून फिरवा. पाण्याची बादली रानात कुठून आणणार? भोक सापडलं की आजूबाजूचा भाग पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि ते वाळेपर्यंत थांबा. घाई इथंच होते. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच अर्ध्या तासात सुटतो.

पॅच वाळेपर्यंत टायरच्या आतून बोट फिरवा, सावकाश, दोन्ही दिशांनी. ट्यूब बाहेर काढल्यावर काटा टायरमध्ये तसाच असतो, आणि बाभळीच्या काट्याचं टोक आतून जेमतेम मिलिमीटरभर डोकावत असतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतं. बाहेरून तो मोडलेला असतो, म्हणून आतून नखानं ढकलून पकडीनं ओढावा लागतो. हे न करता ट्यूब बसवली तर दुसरं पंक्चर ठरलेलं.

हवेचा दाब टायरच्या अंगावर लिहिलेल्या मर्यादेत, पण वाटेप्रमाणं ठेवा. पाऊणशे किलोच्या माणसाला २.१ इंची टायरमध्ये मुरमावर पुढं ३० आणि मागं ३५ पीएसआयच्या आसपास बरं पडतं; डांबरावर थोडं वाढवा. पंक्चरच्या दुकानात मात्र सांगावं लागतं. "मामा, पस्तीसच भरा." "पस्तिसानं काय होतंय, चाक बसंल की!" असं म्हणत ते साठ भरतात, आणि मग खडीवर गाडी उडत जाते. स्वतःचा छोटा गेज खिशात असला की वाद मिटतो.

पायरी ६: ब्रेक

दुसरा खर्च ब्रेकवर. साध्या माउंटन बाइकपेक्षा ही गाडी आठ-दहा किलोनं जड असते. तुम्ही, गाडी आणि पाठीवरची पिशवी मिळून शंभर किलो घाटातून खाली येतात, तेव्हा स्वस्तातल्या केबलच्या डिस्क ब्रेकची बोटांना कळ लागते.

नवे ब्रेक घेण्याआधी आहेत ते नीट लावा. केबलच्या ब्रेकमध्ये बऱ्याचदा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. स्थिर पॅड छोट्या स्क्रूनं रोटरच्या अगदी जवळ आणा, घासू देऊ नका. मग केबलची ओढ नीट करा. पॅडचा मसाला एक मिलिमीटरखाली आला की बदला. चेनला तेल स्प्रेनं मारू नका. त्याचे कण रोटरवर गेले की पॅड फेकून द्यावे लागतात. थेंबाथेंबानं लावा आणि जादा पुसून टाका.

हे करूनही कमी वाटलं तर हायड्रॉलिक ब्रेक लावा. इथं एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तुमच्या आताच्या ब्रेक-लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो, जो ब्रेक दाबताच मोटर बंद करतो. साधे हायड्रॉलिक लिव्हर लावले तर हा स्विच जातो आणि कॅडन्स सेन्सरची मोटर ब्रेक दाबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. म्हणून कट-ऑफ सेन्सर असलेलेच लिव्हर घ्या, किंवा लिव्हरला चिकटवायचा चुंबकी सेन्सर वेगळा घ्या. कनेक्टरचा रंग आणि पिना जुन्याशी जुळतात का, ते फोटो काढून विचारा. रोटर १६० वरून १८० मिलिमीटरचा केला तरी ताकद वाढते, पण अ‍ॅडॉप्टर लागतो आणि फोर्कला तेवढा चालतो का हे बघावं लागतं.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात, वळणात मोकळे. आणि "उतारावर बॅटरी चार्ज होते ना?" या प्रश्नाचं उत्तर: गिअरवाल्या हब मोटरीत होत नाही. तिच्यात एका बाजूनं मोकळा फिरणारा क्लच असतो, त्यामुळं चाक मोटरला फिरवूच शकत नाही.

पायरी ७: चढ, गिअर, चेन आणि वारा

म्हैसमाळचं उदाहरण घेऊ. संभाजीनगरपासून वरपर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची आहे. गाडी आणि माणूस मिळून शंभर किलो धरले तर नुसतं वर उचलायला १३६ वॉट-अवर लागतात. मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोटरला मापून देणारा डबा) यांच्यातली गळती धरली तर १७०-१८०. पायांनी निम्मा वाटा उचलला तर ९०. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता कापायला लागेल ते वेगळंच. म्हणजे ३६० वॉट-अवरच्या बॅटरीनं जाता येतं, पण दौलताबादपर्यंतच्या सपाटीवर मोटर बंद किंवा सगळ्यात खालच्या लेव्हलला ठेवली तर. सुरुवातीलाच पाचव्या लेव्हलनं पळालात तर खुलताबादच्या पुढं पंचवीस किलोची सायकल स्वतःच्या पायानं न्यायची.

हब मोटरला हळू चढणं मानवत नाही. वेग फार पडला की तिला मिळणारी वीज ताकद कमी आणि उष्णता जास्त देते. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका, पाय भरभर फिरवा आणि वेग दहाच्या खाली रेंगाळू देऊ नका. वर पोचल्यावर हबला हात लावा. हात ठेववत नसेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा प्या. गिअर बदलताना क्षणभर पायडलचा जोर कमी करा, नाहीतर चेन ओढली जाऊन तुटते.

मागं १४-२८ दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, असेल तर १४-३४ चं लावून घ्या. स्वस्त आहे, आणि चढाला याच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. मात्र मोटरच्या जाड एक्सलवरून जाणारं टूल ज्याच्याकडं आहे त्याच्याकडूनच करून घ्या. छन्नी-हातोडी घेऊन येणाऱ्याला नमस्कार करा.

चेन झिजली का, हे साध्या फूटपट्टीनं कळतं. पिनेपासून पिनेपर्यंत मोजलेलं चेनच्या २४ कड्यांचं अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असतं. ते ३०६ च्या पुढं गेलं की चेन बदला. उशीर केला तर फ्रीव्हीलही बदलावं लागेल.

वाऱ्याचा हिशेब नवे लोक करत नाहीत. जून ते ऑगस्ट बालाघाटच्या पठारावर पश्चिमेचा वारा असा सुटतो की सपाट रस्ताही चढासारखा बॅटरी खातो. त्या दिवसांत जाताना वाऱ्यावर तोंड करून, म्हणजे पश्चिमेकडं जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलटं केलंत तर परतीच्या वाटेत पट्ट्या झपाझप उतरतात.

पायरी ८: पावसाळा आणि काळी माती

पाऊस पडला आणि ऊन दिसलं की पाणंदीत शिरायचा मोह होतो. शेतकरी रानात औत घालायला वाफशाची वाट बघतो; तुम्हीही तोच नियम पाळा. वाफसा नसलेल्या काळ्या मातीत वीस-पंचवीस फूट गेलं की फोर्क, टायर आणि ब्रेकच्या मध्ये माती थापली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी थ्रॉटल पिळायचा नाही. अडलेल्या मोटरीत वीज शिरते आणि कंट्रोलर जळतो. उतरा, काडीनं माती काढा, गाडी उचलून मुरमावर आणा. पावसाळ्यात डोंगराच्या मुरमाड वाटा निवडा. तिथं पाणी निचरतं.

धुताना गाड्यांच्या वॉशिंग सेंटरचा दाबाचा फवारा नको. तो बेअरिंगमधलं ग्रीस आणि कनेक्टरमधला कोरडेपणा दोन्ही घालवतो. बॅटरी काढा, बादली आणि मऊ ब्रश घ्या, बॅटरीच्या पिना कापडानं झाका. मोटरची केबल एक्सलपाशी खाली लोंबती राहील अशी बांधा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून हबमध्ये न शिरता खालच्या खाली गळून जाईल.

दसऱ्यानंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. कित्येकींना मागं लाल दिवा नसतो, आणि ट्रॉलीवाल्याला तुमची सायकल दिसत नाही. मागचा लुकलुकणारा दिवा स्वतंत्र सेलवर चालणारा घ्या, मुख्य बॅटरीवरचा नको. बॅटरी संपली तरी तो चालू राहिला पाहिजे.

पायरी ९: आता मोटरीकडं

टायर, ब्रेक, फ्रीव्हील झालं, गाडी वर्षभर चालवली, आणि तरी ताकद कमी वाटते? मग बघू.

कंट्रोलर बदलून जास्त अँपिअर दिले तर चढाला जोर वाढतो. पण तो जोर बॅटरीतल्या बीएमएसमधून, म्हणजे बॅटरीला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमधून, यावा लागतो. बीएमएस १५ अँपिअरचा आणि कंट्रोलर २० चा असेल तर ऐन चढात बॅटरी स्वतःला बंद करते. आणि मोटरची ताकद ०.२५ किलोवॉटच्या किंवा वेग २५ च्या वर नेलात की कायद्यानं ती मोटार वाहन झाली. मग पासिंग, लायसन्स, विमा सगळं लागतं; घरी बदललेल्या सायकलचं पासिंग होत नाही. अपघातात समोरच्याला लागलं तर हा मुद्दा फार महाग पडतो. वॉरंटी तर त्याआधीच गेलेली असते.

जुन्या साध्या सायकलला पुढच्या चाकाचं मोटर-किट लावायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा, विशेषतः पुढं सस्पेन्शन असेल तर. फोर्कच्या टोकाचा ओतीव भाग एक्सलच्या उलट्या जोरानं तुटतो, आणि तुटतो तेव्हा तुम्ही तोंडावर पडता. किट लावायचंच तर मागं, आणि टॉर्क-आर्मसह, म्हणजे एक्सलला उलटं फिरू न देणाऱ्या पट्टीसह.

मोठी बॅटरी हा मात्र रास्त अपग्रेड आहे. व्होल्टेज तेच ठेवा, अँपिअर-अवर वाढवा. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडून चालवू नका. दोघींचं व्होल्टेज वेगळं असेल तर एक दुसरीत धो धो वीज ओतते. गावातल्या इन्व्हर्टर-बॅटरीवाल्याकडून सेल डागून घेणं टाळा. सेलला निकेलची पट्टी स्पॉट-वेल्डिंगनं लावतात; डागणीच्या उष्णतेनं सेल आतून खराब होतो. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी घेताना दुकानदारालाच विचारा.

मूळ कंट्रोलर आणि डिस्प्ले काढलात तर डब्यात नाव लिहून जपून ठेवा. गाडी विकताना घेणारा त्यांची किंमत करतो, आणि बदललेला कंट्रोलर जळाला तर त्याच आठवड्यात गाडी पुन्हा रस्त्यावर येते.